वजनकाट्याच्या दुकानावर

परभणीत, नानलपेठेत,
बसलिंगअप्पांच्या वजनकाट्याच्या दुकानावर
अकरा पायऱ्या, मग माझी खोली.
पाटीवर फक्त नाव आहे. 'समुपदेशन' हा शब्द
रंगाऱ्यानं दोनदा चुकवला, तेव्हा म्हटलं, राहू दे.
लोक तसेही विचारत येतात,
"ते बोलायचं हितंच का?"

खाली अप्पा झिजलेल्या वजनांत शिसं भरतात,
पाच किलो, दोन किलो, पन्नास ग्रॅम.
शिक्का मात्र वर्षातून एकदा साहेब येऊन मारतो.
ठक्. ठक्. तो आवाज वर येतो
आणि बोलणाऱ्याची वाक्यं त्याच्या अधेमधे पडतात.

लिंबाजीमामा एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले.
पहिले तीन बुधवार ते त्या डुलणाऱ्या खुर्चीत बसून
पंख्याबद्दल बोलले.
बेअरिंग गेलंय म्हणाले, ग्रीस लागतंय.
चौथ्या बुधवारी टोपी काढून मांडीवर ठेवली:
"मी रडायलो, बाई. सकाळी दाढी करताना.
कुणी मेलं नाही, काही नाही. काहून रडायलो?"
मला उत्तर येत नव्हतं.
मी उठून पंखा बंद केला.

तहसीन आणि मुजम्मिल एकाच स्कूटरवर येतात,
मधे पिशवी ठेवून.
सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, त्याला दीड वर्ष झालं.
तो दक्खनीत बोलतो, ती शाळेतल्या मराठीत,
एकाच दुःखाला दोन दारं पाडल्यासारखे.
मी विचारलं, नाव ठेवलं होतं का?
दोघं एकदम बोलले. दोन वेगळी नावं.
मग तो तिच्याकडे वळला, पहिल्यांदाच:
"तू बी रखी थी?"

फॉर्मवर दोन रकाने होते, छापील: पती. पत्नी.
सेलूहून दैवशाला आणि जयमाला आल्या.
दोघींनी वाचला, मग पेन
एकमेकींच्या हातात देत राहिल्या.
लाज त्यांना वाटायला नको होती. मला वाटली.
पट्टी घेऊन दोन्ही शब्द खोडले,
रात्री उरलेल्या अठ्ठ्याऐंशी कागदांवरचेही.
भांडण पाण्याचं होतं.
नळ आठ दिवसांनी येतो, पहाटे तीनला,
आणि जयमाला उठत नाही.
"आमच्यात नवरा कोण, ते विचारणार का?"
"नाही. ड्रम कोण भरतं, ते विचारणार."
दैवशाला इतकी हसली
की खालची ठकठक थांबली.

आमच्याकडे माझं-तुझं नसतं, मपलं-तुपलं असतं.
मपलं दुखणं, तुपलं नशीब.
पुण्यात शिकायला गेले तेव्हा हे शब्द मी
जिभेवरून खरडून काढले होते.
इथे एकदा निसटलंच: "मपलंबी तसंच झालं होतं,"
आणि समोरची बाई, पाऊण तास काठावर बसलेली,
खुर्चीत मागे टेकली.
स्वतःचं सांगायचं नसतं, असं पुस्तकात आहे.
असेल.

अप्पा एकदा जिन्यात भेटले.
"वर काय दुरुस्त करता तुमी?"
काही नाही, म्हटलं, लोक आपले आपण…
आणि वाक्य तिथंच राहिलं.
"मग काटा तरी हाय का?
नवऱ्याचं खरं का बायकोचं, कळतंय कसं?"
काटा नाही, अप्पा.
त्यांनी हातातलं वजन या हातातून त्या हातात घेतलं.
"मग अवघड धंदा हाय."

परवा कुलूप उघडलं तर
त्या खुर्चीच्या एका पायाखाली
शिशाची चकती, हातोडीनं चपटी केलेली.
विचारलं, तर मान वर न करता म्हणाले,
"रोज वाजायली खुर्ची, खाली ऐकू यायलं.
बसणाऱ्याला वाटत असंल,
आपुनच डुलायलो."