एक वीत तार

गाडी स्पीडब्रेकरवर बंद पडते.
दर वेळी नाही.
मागचा टेम्पोवाला घाईत असला, की हमखास.
मग बॉनेट उघडायचं, इग्निशन कॉइलच्या मानेपाशी
बोटाच्या पेराएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा
अंगठ्यानं आत दाबायचा.
सुरू.
टेम्पोवाला म्हणतो, मॅडमला येतं सगळं.
मॅडमला एवढंच येतं.

विल्फ्रेडनं कालिन्याच्या गॅरेजात बॅटरी मारून सांगितलं,
कॉइल ठणठणीत, प्लग नवे.
कनेक्टरची जीभ तुटलीय.
ते टक् करून अडकतं ना,
ते टक् गेलंय.
खाऱ्या हवेनं आतल्या पिनाही हिरव्या पडल्यात.
त्यानं रबरबँड लावला. आठवड्यात वितळला.
मग सुतळी.
मग माझ्याच पिशवीतली विणकामाची लोकर, पोपटी.
शेवटी म्हणाला, कंपनीच बुडाली, पार्ट कुठला येणार?
तुम्ही शोधा. मिळाला तर बसवायचे पैसे घेणार नाही.

गाडी गॅरेजात,
आणि तिची जीभ माझ्या पर्सच्या चिल्लरच्या कप्प्यात.

ऑपेरा हाउसला धनसुखभाईंनी भिंग लावून पाहिलं.
अख्खं वायरिंग आहे, म्हणाले, नऊ हजार.
त्यातला एवढाच द्या की.
ताई, हारातलं एक फूल कसं विकू?

लॅमिंग्टन रोडला एका मुलानं विचारलं,
मेल की फिमेल?
आणि स्वतःच लाजून स्क्रू मोजू लागला.
मी म्हटलं, बाळा, मला माहीत असतं तर
मी तुझ्याकडे आले असते का?
त्यानं तुकड्यावर पावडर चोळली,
प्लास्टिकवरचा आकडा हळूहळू वर आला.
शेवटचे दोन अंक झिजलेले.
नेमके तेच दोन.

अठ्ठावीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर.
तिळाएवढा स्क्रू हरवलेली म्हातारी माणसं यायची,
रुमालात काडी बांधून.
मी मान न उचलता सांगायचे,
आता नाही येत हो, फ्रेमच नवी घ्या.
मागे डबा होता. स्क्रूंनी भरलेला.
कोण निवडत बसणार?

कुर्ल्याच्या भंगारगल्लीत चौथ्या दुकानी मुस्तकीम.
बिनदारांच्या गाड्यांवर चढत, उतरत,
एकीच्या उघड्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून ओरडला,
हीच!
माझा तुकडा शेजारी धरला.
तीच खाच, तीच तीन भोकं, जीभ शाबूत.
पक्कड हातात घेऊन त्यानं विचारलं,
शेपूट किती ठेवू?

मला कळेना.
तो म्हणाला, नुसतं डोकं नेऊन काय करणार?
मागची तार थोडी हवी. जोडणार कशाला?

मी माझी वीत पसरली.
त्यानं त्याची पसरली, म्हणाला,
माझ्या हातानं घ्या. कमी पडली तर शिव्या मला.
कच्.
त्या गाडीच्या काचेवर दादरच्या कुठल्याशा पार्किंगचा पास होता,
अजून मुदत न संपलेला.
मी मालकाचं नाव वाचलं नाही.
चाळीस रुपये.

विल्फ्रेडनं तारा सोलल्या.
आमच्या काळ्या, तिच्या पिवळ्यावर तांबडी रेघ.
रंग जुळत नाहीत, मी म्हटलं.
विजेला कुठे दिसतंय, तो म्हणाला,
आणि डाग दिला. राळेचा वास, बारीक धूर,
वर नळी चढवून काडीनं शेकली.
मग म्हणाला, तुम्ही लावा.

लावलं.

टक्.

पोपटी लोकर त्यानं परत दिली, काळी झालेली.
मी ती टाकायला घेतली आणि पर्समध्ये ठेवली.

घरी जाताना पहिला स्पीडब्रेकर आला.
मागे टेम्पोवाला, हॉर्नवर हात.
आज मी उगाचच फार हळू गेले.