रकाना एकोणचाळीस

पाच शहरांत पाच दवाखाने,
प्रश्न एकच:
ताप मेंदूत चढून बेशुद्ध झालेल्या लेकराला
सलाइन किती द्यावं, कधी थांबवावं.
उत्तर यायला तीन वर्षं लागतील म्हणतात.
तोवर मी मिरजेत, जिन्याखालच्या खोलीत,
एक संगणक, उणे ऐंशीचा एक फ्रीजर,
आणि समोरच्या दुकानात सतारीची तार
जुळवत बसलेला कोणीतरी.
तोच सूर, पुन्हा तोच,
अजून लागलेला नाही.

नावं लिहायची मला परवानगी नाही.
खाट चारवरचा मुलगा म्हणजे
शून्य तीन, शून्य चौदा.
त्याच्या आईनं अंगठा उठवला
आणि शाई पदराला पुसत विचारलं,
"माज्या लेकराचं नाव घातलंसा न्हवं कागदात?"
मी म्हटलं, घातलंय.
कुलपातल्या वहीत असतंच ते,
म्हणजे अगदीच खोटं नाही.

रक्ताच्या नळ्या मंगळवारी पुण्याला जातात.
कोरडा बर्फ कोल्हापूरहून येतो,
थर्माकोलच्या डब्यात वाफाळत.
गेल्या खेपेला टेम्पो अंकलीच्या पुलावर अडकला,
पुढं उसाच्या सात ट्रॉल्या.
वॉर्डबॉय शौकत मोटारसायकल घेऊन गेला,
डबा टाकीवर ठेवून, पोटाशी धरून आणला.
"बाळंतीण आणावी तसा आणलाय, म्याडम,"
आणि शर्टाची पुढची बटणं उघडून
गारठलेलं पोट चोळत राहिला.
पाच किलो निघालेला, साडेतीन भरला.
मी विचलनाचा अहवाल लिहिला. कारण: ऊस.
पुण्याहून उलट आलं, कारण नीट लिहावे.
लिहिलं: वाहतूक.

रात्री प्रश्न उतरतात पडद्यावर, लाल अक्षरांत.
"शून्य चौदा, तिसरा दिवस,
पहाटे चारच्या लघवीची नोंद नाही."
त्या पहाटे चार वाजता
फिरदोस सिस्टर शेजारच्या खाटेवर
दोन बोटांनी छाती दाबत होती,
एक दोन तीन, मोठ्यानं मोजत,
मोजता मोजता आवाज बसेपर्यंत.
तिच्या मोजण्याला रकाना नाही.
मी भरते: उपलब्ध नाही.
ते लेकरू आमच्या अभ्यासात नव्हतं.

एकोणचाळीसावा रकाना
अठ्ठाविसाव्या दिवसाचा.
जिवंत. मृत. संपर्क नाही.
तिन्हीपैकी एकावर खूण.
फोन तीनदा करायचा, असा नियम.
बुधवारी बंद. गुरुवारी बंद.
तिसऱ्यांदा तिनं दिलेला दुसरा नंबर,
सावळजच्या बेदाण्याच्या शेडचा.
मुकादम म्हणाला, कोण पाहिजे?
आणि शून्य चौदा म्हणून चालणार नव्हतं.

"बिराप्पा," मी म्हटलं. "बिराप्पाची आई."
अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा
ते नाव माझ्या तोंडात आलं.
"आपल्या बिरूची व्हय," म्हणत तो ओरडला,
तिकडं निवडणीचं यंत्र थांबलं.
मग बराच वेळ नुसता वारा,
ताडपत्रीची फडफड.
माझं बोट मधल्या चौकटीवर गेलेलं,
मी ते उचलून मांडीवर ठेवलं.

फोनवर कोणी बोललं नाही.
कोणीतरी चावत होतं.
सावकाश, ओल्या तोंडानं, मन लावून.
"खातोय बगा," मागून ती म्हणाली,
"शेठनं मूठभर दिल्यात."

पहिल्या चौकटीवर खूण केली.
आभार मानले. ठेवणार होते,
तर ती म्हणाली, "बाई,
उजवा हात उचलंना झालाय त्याचा.
डाव्यानं खातोय. तेबी घाला कागदात."

मी खाली सरकवून पाहिलं.
चाळीसाव्या रकान्यात माझी सही हवी होती.
मग छापील प्रत काढली
आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं:
उजवा हात.
समास पुण्याला जात नाही.