डावा पीळ

झेनच्या खाली सकाळी हिरवं थारोळं.
वॉचमन घुगे म्हणाला, गोड असतं, मांजर चाटेल.
आधी त्यावर राख टाकली.

नाना पेठेतून होज आणला, दोन क्लॅम्प,
सुट्टे नव्हते म्हणून तिसरा.

रेडिएटर निवल्यावर हात घातला:
खालच्या पायपावर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
वर बांधकामाची तार,
पीळ उलटा.

अण्णा डावखुरे.
कात्रजच्या घाटात काटा लालवर गेला तेव्हा
आम्हाला कठड्यापाशी उभं करून
म्हणाले होते, पाच मिनिटं.
अकरा वर्षं चालली ती.

पक्कड मलाही उलटीच फिरवावी लागली.
क्लॅम्प आवळले, कूलंट भरलं,
इंजिन चालू ठेवून पुठ्ठ्यावर आडवी झाले.
कोरडं.

तार टाकायची राहिली.