अकरा खिळे

रेणापूरकर सरांनी हिशोब
चौकटीच्या वहीच्या पानावर मांडला,
उजवीकडे तारीख, डावीकडे समास.
अंबाजोगाईतली निम्मी पोरं याच अक्षराला भिऊन
गणितात पास झालेली.

खिळे, नग अकरा, दर पन्नास.
मोरीची फरशी, बाराशे.
रंग, साडेसहा हजार.
कुंडीचा डाग, पुढं नुसतं प्रश्नचिन्ह.
डिपॉझिटच्या पंधरातून वजा जाता
सहा हजार सातशे पन्नास. खाली दोन रेघा.

माझ्या पर्समध्येही एक यादी होती:
बोअर आटल्यावर मी मागवलेले सात टँकर,
गच्चीवरच्या टाकीचा बॉल.
लॅबमधल्या शिंदगीकरनं पढवलं होतं,
आधी आवाज चढव, मग स्टँप पेपर काढ.
आवाज चढेना.
आत काकू पोहे परतत होत्या.

मी म्हणाले, सर, फरशी मान्य. बत्ता माझ्याच हातून सुटला.
खिळे मात्र दहाच.

वर गेलो.
सर बोटानं मोजत फिरले,
कॅलेंडर, आरसा, ॲप्रन, मच्छरदाणीचे चार,
घड्याळ, पिशव्यांचे दोन.
अकरावा दारावर, गंजून चुन्यात रुतलेला.
त्याच्याखाली सर थांबले.
"हा आमच्या सुधन्वाचा. बारावीचं टाइमटेबल."
पुढं काही नाही.
खिशातनं पेन्सिल काढून अकराचे दहा केले.

तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं,
सर, रंगाला घसारा नसतो का?

ते वळले. चार वर्षांत पहिल्यांदाच
माझ्याकडं भाडेकरू म्हणून न बघता.
"रंगाचं आयुष्य किती धरतीस?"
पाच वर्षं.
"राहिलीस किती?"
चार.
भिंतीलाच पान टेकवून भागाकार केला.
तेराशे.
मग सगळं पुन्हा वजा केलं
आणि बारा हजार आले,
वर एक सुटा रुपया नाही.
सरांचा चेहरा असा खुलला
जसे पैसे त्यांनाच मिळणार होते.

टँकर माझ्या पर्समध्येच राहिले.
अजून खुपतात, खोटं कशाला बोलू.

नोटा मोजल्या, किल्ली दिली.
पायरी उतरता उतरता मी म्हणाले,
काकूंची शुगर रविवारी बघायची असते, उपाशीपोटी.
मी आता मोरेवाडीत, दर वेळी येणं व्हायचं नाही.
पट्टी कशी धरायची, किती आकडा आला की दवाखाना...

"लिहून दे," सर म्हणाले,
आणि तेच पान उलटं करून
माझ्यापुढं धरलं.