हस्ताक्षर अवाचनीय

चौदाव्या मजल्यावर, रात्री पावणेअकराला
मी पानांना आकडे घालते आहे.
उमेदवारीच्या दोन वर्षांतले हे दुसरे सहा महिने,
बांधकाम-तंटे विभाग.
पहिल्या सहांत बँका होत्या.
तिथे स्वल्पविराम पकडायला शिकले,
इथे शिकते आहे भोकं पाडायला,
फाइलीच्या कण्यावर लेबल सरळ चिकटवायला.

काचेला बाहेरून घाम फुटलाय.
दुबईचा ऑगस्ट: आत आम्ही शाली पांघरून,
घाम इमारतीला.
जाताना रोवेना सांगून गेली,
प्रिंटरला हळू थोपट, शिव्यांनी तो चालत नाही.

अशील आमचे, ज्यांचा मनोरा ते.
म्हणणं असं, की कंत्राटदाराने
सव्वीस दिवस काम थांबवलं, विनाकारण.
'विनाकारण' आमच्या दाव्यात नऊ वेळा येतं.
मी मोजलंय. मोजायलाच तर मला ठेवलंय.

खोका एकोणीस. साइटवरच्या रोजच्या नोंदी.
सिमेंटचं पाणी वाळून पानांना पापुद्रे सुटलेले.
तापमानाच्या रकान्यात टाइप केलेलं
सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस,
पाऱ्यालाच कोणी दम दिल्यासारखं.
आणि समासात, पेन्सिलीने:
५१. स्लॅब नको. दोन पोरं आडवी झाली. मी थांबवलं.

शेजारी भाषांतर कंपनीचा शेरा:
हस्ताक्षर अवाचनीय.

अवाचनीय!
हा पाच मी अंधारात ओळखेन.
शेपूट खालच्या ओळीत घुसवून
दुसऱ्याच्या घरात डोकावणारा.
शार्जात, रोल्यामागच्या दोन खोल्यांत
माझ्या पाढ्यांच्या वहीवर तो उमटायचा,
बिस्किटच्या डब्यातल्या हिशेबावर,
गावी पाठवायच्या पैशांच्या पावतीवर.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर नोकरी गेली.
आईने विचारलं, तर म्हणाले,
तिथलं पाणी मानवलं नाही.
आम्हीही फार खोदलं नाही;
मी नऊ वर्षांची होते, मला नवी सायकल हवी होती.

पेन्सिल खोडता येते.
या पानाला अजून आकडा नाही.
ही दोन वाक्यं मी मनात एकापुढे एक ठेवली,
मग तिसरं सुचायच्या आत
शिक्का मारला: ४११२.

भाषांतराला बसले तर 'पोरं' अडलं.
कामगार? मजूर? मुलं?
ती कोणाची पोरं होती, माझ्याच तर वयाच्या
थोरल्या भावाइतकी असतील.
आणि ते 'मी'.
'थांबवलं' एवढं पुरलं असतं,
मराठीत कर्ता गिळता येतो,
बाबांनी गिळला नाही.
इंग्रजीत तो आपोआपच येतो,
मोठ्या लिपीत, सगळ्यांसारखा.
हे तळटीपेत कसं लिहायचं मला कळेना.

मिसेस हॅडोंना मेल:
पान ४११२ वाचता येतं. भाषा मराठी. भाषांतर सोबत.
विरुद्ध बाजूला दाखवावं लागेल असं वाटतं.
लिहिणारे माझे वडील आहेत.
चार मिनिटांत उत्तर:
बरं झालं सांगितलंस. उद्यापासून ही फाइल तुझी नाही.
घरी एक अक्षरही नाही.

सव्वाबाराला शार्जा.
बाबा जागे. आमटी गरम करतात,
गॅसपाशी एका पायावर भार देऊन उभे.
काय केलंस आज?
पानांना आकडे घातले.
एवढं शिकून! हसतात, झाकण ठेवतात.
मग फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पाण्याच्या बाटल्या मांडतात,
दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीने: ५.
शेपूट थेट पुढच्या आठवड्यात.

काय बघतेस?
काही नाही.
भात कालवते. मीठ जरा कमी आहे,
तेही सांगत नाही.