राखेत पडलेली शोती

पहाटेचे चार. कुतायसीत अजून कुत्रीही उठलेली नाहीत.
पुलाखालून रिओनी नदीचा आवाज तेवढा वर येतो.
मी तोनेत वाकते, कमरेपर्यंत आत,
क्षणभर पाय जमिनीवरून सुटतात,
त्या तापल्या रांजणाच्या भिंतीला कणकेची होडी थापते
आणि श्वास सोडायच्या आत बाहेर येते.
एकतीस वर्षं.
डाव्या हातावरचे डाग एकाखाली एक लिहिले
तर वही भरेल.

आज तिसऱ्या खेपेला एक शोती सुटली.
भिंतीवर मिठाचं पाणी जास्त शिंपडलं गेलं असेल,
किंवा हात थरथरला असेल. परवापासून थरथरतोय.
निखाऱ्यात पडली, फुगली, काळी झाली.
दीड लारीचा पाव.
आणि माझ्या तोंडून आलं:
गाढवे. आंधळे.
तुझ्याच्यानं आता काही व्हायचं नाही.

ग्वान्त्सानं ऐकलं.
सतरा वर्षांची पोर, कोपरापर्यंत पिठात.
मागच्या महिन्यात हिनं एका सकाळी अकरा शोत्या जाळल्या,
तेव्हा मी हिला काय म्हणाले होते?
"गेनात्स्वाले, विस्तवालाही भूक लागते,
त्याचा वाटा त्याला गेला."
आणि तिचं मनगट गार पाण्यात धरून बसले होते,
बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली तरी.

"नाझिब्रोला मावशी, कुणाला शिव्या देताय?"
"कुणाला नाही."
"मग त्या कुणाला-नाहीशी जरा नीट बोला.
मी तिच्याच हाताखाली शिकतेय."

पुढची खेप मी न बोलता लावली.

तो आवाज माझा नव्हता, खरं तर.
वार्लाम उस्तादचा. त्याला जाऊन बारा वर्षं झाली,
पण माझ्या घशात बिनभाड्याचा राहतोय.
त्याला तरी काय दोष देऊ.
दिवे नव्हते त्या हिवाळ्यात, मेणबत्तीवर पीठ मळायचो,
दाराबाहेर रांग चर्चपर्यंत,
आणि एक शोती जळली म्हणजे
रांगेतलं शेवटचं माणूस रिकाम्या हातानं परत.
तेव्हा तो ओरडायचा. तेव्हा ते बरोबरही असेल.

गेनात्स्वाले म्हणजे तुझ्या जागी मी.
तुझी इडापिडा माझ्यावर येवो.
दिवसातून पन्नासदा म्हणते, पोस्टमनला, मांजराला,
उधारी बुडवणाऱ्या त्या त्सिरा बाईलासुद्धा.
स्वतःला म्हणून बघितलं.
माझ्या जागी मी?
तिथं तर मी आधीच उभी आहे, भाजत.
शब्द जुळेना.

मग दुसरा आठवला.
आमच्याकडे लेकरू आईला हाक मारतं, देदा,
आणि आईही लेकराला हाक मारते, देदा.
तोच शब्द. आईच.
भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला कळत नाही
कोण कोणाची.

नळाखाली हात धरला.
इकडेतिकडे बघितलं. ग्वान्त्सा लाकडं आणायला गेलेली.
"देदा," म्हटलं त्या हाताला, हळूच,
"दुखतंय ना."
अगदी वेड्यासारखं वाटलं.
अट्ठावन्न वर्षांची बाई,
नळाशी उभी राहून कोपराशी बोलतेय.
हसू आलं, आणि हसता हसता
नाकातून पाणी.

त्यानं काही फार बदललं असं नाही.
पाचव्या खेपेला आणखी एक शोती वाकडी निघाली.
हात थरथरतोच आहे.
मंगळवारी दवाखान्यात जाईन म्हणते.
ग्वान्त्साचा हात असता
तर परवाच नेलं असतं, ओढत.

उद्या पुन्हा काहीतरी पडेल निखाऱ्यात,
आणि वार्लाम खाकरून उठेल घशात.
उठू दे.
त्याला खुर्ची देईन, गरम शोतीचं टोक देईन,
आणि सांगेन,
उस्ताद, बाहेर बघ जरा.
रांग केव्हाच संपली.
घरी जा.