वार

सूर. गावाचं नाव एवढं गाणारं
आणि ऐकू येते ती एसीची घरघर,
खाडीपलीकडे गलबतांच्या कारखान्यात
सागवानावर फिरणारा रंधा,
आणि बादलीचं झाकण निघताना
फट् असा आवाज.

बादलीत वार असते.
आपल्या भाषेतही काय एकेक शब्द,
वार म्हणजे घाव, वार म्हणजे बुधवार-गुरुवार,
लुगड्याचं माप वार,
आणि बाळामागून येते तीही वारच.
मी ती धुते, तोलते,
नाळ मोजते, कड फाटलीय का बघते,
मग सुरीने काप.
दाभोळच्या जेटीवर सुरमई साफ केलेल्या हातांना
रक्ताचं काही वाटत नाही.
फॉर्मलिनचं वाटतं. पंधरा वर्षं झाली तरी.

आजच्या बादलीवर नाव: ओबुलम्मा.
गाव कडपा. काम घरकाम.
निवासपत्राच्या रकान्यात नुसती रेघ.
कार्ड संपून चौदा महिने झालेत
हे तिने नाही, त्या रेघेने सांगितलं.

डॉक्टर राया भिंगावरचा डोळा न काढता म्हणाल्या,
झुलेखा, ये, हे बघ.
कडेचा जांभळा पट्टा.
केंद्रकं शेकड्यांनी, एकाच अंगणात,
आणि मधे एकही कुंपण नाही.
याच्या अलीकडे आईचं रक्त, पलीकडे बाळाचं,
सगळी देवघेव यातून.
ही कुंपणं पाडायची विद्या आपली नव्हे, म्हणाल्या.
कोट्यवधी वर्षांमागे एक विषाणू आला.
पेशीला बिलगून आत शिरणं, एवढंच त्याला येत होतं.
शिरला, आणि कुणाच्या तरी बीजातच राहिला.
त्याची ती किल्ली आपण अजून वापरतो.

म्हणजे घुसखोर, मी म्हटलं.
त्या हसल्या. आता कोण कोणाला काढणार?
आपल्या अंगातल्या शंभर अक्षरांत आठेक त्यांच्याच जातीची.
बहुतेक झोपलेली.
एखादं अजून ड्यूटीवर.

रात्री खोलीवर मला एकच शब्द आठवत राहिला,
पोटभाडेकरू.

पण मी त्याला चांगला म्हणणार नाही.
साथीच्या साली माझ्या शेजारच्या खाटेवरची लीलाकुमारी
सहा दिवसांत गेली,
आणि तिच्या पेटीला विमानात जागा मिळेना.
त्याच्या नावातच विष आहे, उगाच नाही.
तेव्हाही असंच झालं असणार,
झाडावरून पटापट पडली असतील,
कुणी मोजली नसतील.
एक मादी तेवढी तगली, अंगात ताप घेऊन,
तिला काय ठाऊक आपण काय सांभाळतोय.

तिसऱ्या दिवशी ओबुलम्मा स्वतःच खाली आली,
रबरी चपला, पाठीवर ओला पदर.
आमच्या दोघींच्या मोडक्या हिंदीत विचारलं,
वो किधर डाला?
त्यांच्यात उंबऱ्याशी पुरतात.
इथला उंबरा दुसऱ्याचा, शिवाय बंद झालेला.
मला नियम पाठ आहे: सात दिवस, पिवळी पिशवी, भट्टी.
तो मी सांगितला नाही.
भिंगाखाली काच ठेवली.
तिने चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, ये तो नक्शा है.

मी तिला सांगितलं, सगळी नाही जात.
नखाएवढा तुकडा मेणात राहतो,
तिकडे, त्या कपाटात,
दहा वर्षं. त्याला कार्ड लागत नाही.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं.
दस साल? म्हणाली. मेरेको तो पंधरा दिन बोला.

वर बाळ रडत असावं, ती जिन्याकडे वळली.
पलीकडे रंधा चालूच होता.
माझी वही मी मराठीत ठेवते,
इथे कुणी वाचत नाही.
लिहिलं: ओबुलम्मा. चारशे ऐंशी ग्रॅम. शाबूत.
वार: गुरुवार.